आरसी बुकात हुकाचा रकाना दाखवा



‘मॉडिफाईड’ गाड्यांवरच्या कारवाईचं या आठवड्यात फार कौतुक झालं. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर काढले, बरंच केलं. डोळे दिपवणारे एलईडी बारही काढा. पण आमच्या जुन्या जीपांनी काय घोडं मारलंय? सुक्याबरोबर ओलंही जाळायचं ठरलंय का?

माझी महिंद्रा एमएम ५४० आहे, १९९१ची, प्यूजो इंजिनाची. बुधवारी एका नाक्यावर साहेबांनी तिच्याभोवती फेरी मारली आणि बोटं मोजली. पुढचा लोखंडी बंपर एक, विंच दोन, खोल नक्षीचे टायर तीन, मागचा हूक चार. मोटार वाहन कायद्याच्या १८२अ कलमात बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये, म्हणजे झाले २००००. समज देऊन सोडलं, हे उपकारच. वीस हजार म्हणजे २०२५च्या खरिपातल्या २३६९ रुपये हमीभावाने जवळपास साडेआठ क्विंटल धान. एका हुकासाठी दोन क्विंटल!

त्या हुकाचं काम सांगतो. गेल्या आषाढात चिचगडच्या पुढे एका गावची डीपी जळली. नवी डीपी घेऊन आलेला पिकअप रपट्याच्या कडेला मागच्या चाकांनी पार रुतला. ट्रॅक्टर बोलवावा तर सगळे रोवणीच्या चिखलात. मी जीप मागच्या हुकाने सागाच्या बुंध्याला बांधली, विंचची तार पिकअपला लावली, तारेवर ओली पोती टाकली (तुटलीच तर उसळून कुणाचा गळा कापू नये म्हणून) आणि वीतवीत ओढून तो बाहेर काढला. हूक आणि विंच, म्हणजे साहेबांच्या हिशेबाचे दहा हजार, त्या दिवशी कामी आले. मला फोन कुणी केला होता, ते लिहीत नाही. तेही सरकारी माणूसच होते.

कलम ५२ म्हणतं, आरसीतली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करू नका. मान्य. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच बजावलं, तेही मान्य. म्हणून मी आरसी बुक तीनदा वाचलं. इंजिन नंबर आहे, चेसिस नंबर आहे, सीटा आहेत, वजन आहे. हुकाचा रकानाच नाही. जो रकानाच नाही, त्यात फरक पडला कसा?

केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये बुलबारवर कारवाईचे आदेश काढले. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांपुढचे किती उतरले? गाडीवर पाटी असली की लोखंड दिसेनासं होत असावं. माझा बंपरही त्यातच मोडतो म्हणत असाल तर काढतो बापडा, पण मग विंच कशावर बसवू? नागझिऱ्यात वाघ दिसावा म्हणून टप काढलेल्या, मागे उंच सीटा ठोकलेल्या जिप्सी चालतात. चालोत, पोरांच्या पोटाला मिळतं. तिथे वाट निघते, तर आमच्यासाठीही काढा. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो त्या दिवशी विंच-हूक तपासा, फी घ्या, आरसीवर शेरा मारा. वीस वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाचे १०००० रुपये आम्ही भरतोच आहोत.

आणि रस्त्यांची एवढी काळजी असेल, तर रोवणीच्या दिवसांत केजव्हील न काढता डांबरावरून धडधडत जाणारे ट्रॅक्टर आधी अडवा. माझ्या दारासमोरच्या नव्या डांबरावर त्या लोखंडी पट्ट्यांचे वळ वळणापर्यंत उमटलेत. साहेबांनी ते मोजायला यावं. बोटं पुरायची नाहीत.

— एक जीपवाला शेतकरी, ता. देवरी, जि. गोंदिया