एकाच रंगाचे दोन पेले

वैशाखाचे ऊन तापू लागले की आमच्या पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाड्यावाड्यांवरचे क्रूस चुन्याने पांढरे शुभ्र होतात, त्यांवर झेंडूच्या माळा चढतात आणि सायंकाळी दिवे लावून लादीन म्हटली जाते. ३ मे रोजीचा क्रूससण १९६० साली रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. परंतु गोमंतकात मे महिना क्रुसाचा तो क्रुसाचाच राहिला. मुंबईची, आखाताची, विलायतेची माणसे याच सुमारास घरी येतात. लादीन आटोपली की उकडलेले चणे व त्यांसोबत काही पेय ही आपली जुनी रीत. पूर्वी त्या पेल्यात हुराक वा फेणी असे. आता त्यांच्या शेजारी एक नवा पाहुणा आला आहे. त्याचे नाव सांग्रिया.

हा पाहुणा मूळचा स्पेन व पोर्तुगालचा. तांबड्या द्राक्षासवात फळांच्या फोडी मुरवून केलेले हे थंड पेय. रक्त या अर्थाच्या शब्दावरून त्यास हे नाव पडले असे सांगतात. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनामुळे ते अमेरिकेत लोकप्रिय झाले. युरोपात २०१४ च्या नियमानुसार स्पेन वा पोर्तुगाल येथे तयार झालेल्या पेयासच नुसत्या ‘सांग्रिया’ या नावाने विकता येते. घरच्या मेजवानीस मात्र असले बंधन नाही. आमच्या धर्मग्रामातील कित्येक गृहिणींनी कृती विचारली, म्हणून ती येथे देतो. आणि तिच्याबरोबर आम्हांस घडलेला एक धडाही देतो. वाचकांनी एक घेऊन दुसरा टाकू नये, एवढीच विनंती.

तांबड्या वाइनची ७५० मिलिलिटरची एक बाटली घ्यावी. ती फार महागडी नसावी, परंतु आंबलेलीही नसावी. वाईट वाइन फळांनी सुधारत नाही. एक संत्रे वा मोसंबे, एक सफरचंद, अर्धे लिंबू व अननसाच्या थोड्या फोडी घ्याव्यात. लिंबाच्या बिया व सालीखालचा पांढरा भाग काढून टाकावा. तो कडवटपणा आणतो. मानकुराद आंबा घालावयाचा तर घट्ट फोडीच, तीही वाढण्याच्या वेळी. अन्यथा सारे गढूळ होते. दोन चमचे साखर, दालचिनीचा एक तुकडा व सुमारे २५० मिलिलिटर संत्र्याचा रस घालून मिश्रण तीन-चार तास थंड जागी झाकून ठेवावे. भांडे काचेचे, चिनी मातीचे अथवा स्टीलचे असावे. तांब्यापितळेचे कदापि नको, कारण आंबट रसाने ते कळकते आणि पेय बाधते. वाढण्याच्या वेळी ५०० मिलिलिटर थंड सोडा मिसळावा.

आता थोडे गणित. वाइनमध्ये शेकडा १२ मद्यार्क धरला, तर एका बाटलीत तो ९० मिलिलिटर होतो. वरील प्रमाणाने दीड लिटर पेय झाले, म्हणजे शेकडा ६. ही तीव्रता सामान्य बियरहून कमी नाही, किंचित अधिकच आहे. फेणी जिभेला चटका देऊन आपली ओळख स्वतः सांगते. सांग्रिया फळांचा बुरखा घेऊन येते. शिवाय तळाशी राहिलेल्या फोडींनीही मद्य शोषलेले असते. त्या ‘नुसती फळे’ म्हणून मुलांच्या हाती देणे म्हणजे मुलांना मद्य देणेच होय.

आता तो धडा. एका वाड्यावर लादीन झाली. यजमानीणबाईंनी एका तबकात सांग्रियाचे पेले मांडले होते व त्यालाच लागून भिरंडांच्या सरबताचे. दोहोंचा रंग एकच, दोहोंत फळांच्या फोडी, दोहोंवर थंडाव्याचे दव. आम्ही मोठ्या हौसेने तबक फिरविण्याचे काम आपणाकडे घेतले. पाहुण्यांत एक गृहस्थ होते. दारूपायी त्यांचे घर एकदा मोडता मोडता राहिले होते, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती निश्चयाने सोडली होती. हे आम्हांस ठाऊक होते. किंबहुना त्या दोन वर्षांतील कित्येक कठीण रात्री त्यांनी आमच्या दारी येऊन काढल्या होत्या. तरीही बोलण्याच्या नादात, न पाहता, आम्ही एक पेला त्यांच्या हाती दिला आणि वर म्हटले, “घ्या, भिरंडांचेच आहे.”

त्यांनी तो ओठांशी नेला, आणि हात तेथेच थांबला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीचा चेहरा आम्ही पाहिला, तेव्हा कोठे आम्हांस उमगले. त्यांनी पेला क्रुसाच्या पायरीवर हळूच ठेवला व कोणास काही न बोलता ते निघून गेले. रात्री आम्ही त्यांच्या घरी क्षमा मागावयास गेलो. ते म्हणाले, “फादर, गुत्त्यावरून जाताना मी मनाची तयारी करून जातो. क्रुसापुढे येताना तयारी केली नव्हती.”

हे वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही. पापाच्या दारात माणूस सावध असतो. आपल्या दारात तो विश्वासाने येतो. त्या विश्वासास जपणे हेच यजमानाचे पहिले कर्तव्य.

कोणी म्हणेल, मग पेयेच बंद करा. आमचे तसे म्हणणे नाही. गलीलातील काना येथील लग्नात आपल्या प्रभूने सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला. एकेका रांजणात आजच्या मापाने सुमारे ८० ते १२० लिटर मावत असे. द्राक्षारस हे देवाचे दान आहे. परंतु त्या घरी उणीव प्रथम कोणाच्या लक्षात आली? मरियामातेच्या. तिची दृष्टी ताटावाटीवर नव्हती, यजमानांच्या लाजेवर होती. तशी दृष्टी आपल्या मेजवानीत हवी.

पवित्र मिस्सेच्या वेदीवरदेखील ही दृष्टी आहे. तेथे शुद्ध द्राक्षासवच लागतो, त्यात भेसळ चालत नाही. परंतु ज्या धर्मगुरूस व्याधीमुळे मद्याचा घोटही घातक ठरतो, त्यास धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीने ‘मुस्तुम’, म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षरस, वापरता येतो. २००३ साली रोमच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने पत्रक काढून हे पुन्हा स्पष्ट केले. ख्रिस्तसभा वेदीपाशी दुर्बलासाठी जागा करते. आपण आपल्या ओसरीवर करू नये काय?

म्हणून काही साधे नियम. सांग्रिया काचेच्या भांड्यात ठेवावी, सरबत मातीच्या. दोहोंची तबके वेगळी, जागा वेगळ्या, आणि वाढणारा माणूस जाणता. मुले जेथे खेळतात तेथे मद्याचे तबक नको. कोणी ‘नको’ म्हटले की कारण विचारू नये, आग्रह करू नये. दुचाकीवर परतणाऱ्यास पेला देऊ नये. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे कायद्याने गुन्हा आहे. बांदा-सावंतवाडीच्या सोयऱ्यांबरोबर उरलेली बाटली ‘भेट’ म्हणून धाडू नये. पत्रादेवीपलीकडे महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, व परवान्याविना मद्य नेणारा अडचणीत येतो.

आणि सरबत दुय्यम समजून करू नये. पिकलेली भिरंडे धुऊन अर्धी करावी, बिया काढाव्या, साली साखरेने भरून बरणीत थर द्यावे, तोंडास फडके बांधून सुमारे आठवडाभर उन्हात ठेवावे. सुटलेला रस गाळून चार-पाच पट पाणी, चिमूटभर मीठ व जिऱ्याची पूड घालावी. हवी तर तीच दालचिनी, तीच फळे. हा पेला आपल्या हिंदू शेजाऱ्यास, लेकरास, आजीस आणि त्या गृहस्थांसही निःशंक देता येतो.

ते गृहस्थ पुढच्या लादिनीस आले. या वेळी आम्ही तबकास हात लावला नाही. मातीच्या घागरीतील सरबत त्यांनी स्वतःच ओतून घेतले, आणि दुसरा पेला भरून आमच्या हाती दिला. तो आम्ही न पाहता घेतला.