वल्ह्याची बाही

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी डागडुजीला ऊत येतो. कुकरचे रबर बदलते, कढईचा डुगडुगणारा कान पक्का होतो, शिलाईयंत्राला तेल मिळते. ज्या घरातले चिरंजीव किंवा कन्यका बोटक्लबात जातात, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आम्ही यंदा आणखी एक जिन्नस सुचवणार आहोत. तो म्हणजे वल्ह्याची बाही.

हसू नका. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोटक्लब १९२८ सालचा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीच्या शर्यतीत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक घेऊन परतले. तेव्हा हा खेळ काही परक्याचा राहिलेला नाही. वल्हे म्हणजे नुसता दांडा आणि पाते, ही समजूत मात्र अजून कायम आहे.

वल्हे बोटीच्या कडीत जिथे टेकते, तिथे दांड्यावर प्लॅस्टिकची एक नळी चढवलेली असते. तीच बाही. तिची एक बाजू सपाट असते. ती कडीच्या सपाट अंगाला टेकली की पाण्यातले पाते जवळजवळ उभे राहते. जवळजवळ म्हणायचे कारण, साधारण चार अंशांचा कल मुद्दाम ठेवलेला असतो. दोन हजार मीटरच्या शर्यतीत ही बाही दोनशेच्या वर वेळा कडीत दाबली जाते आणि फिरते. रोजच्या सरावाचा हिशेब तर विचारूच नका. झिजता झिजता सपाटी गोल होते आणि कल बिघडतो. कल कमी झाला तर पाते खोल बुडी मारते, जास्त झाला तर पाण्यावरून निसटते. आणि बोलणी कोण खातो? तो पोरगा! 'मनगट नीट धर' असे त्याला काठावरून दहांदा ऐकवले जाते. मनगटाला बोल लावण्याआधी एकदा बाहीवरून बोट फिरवून पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र कडीतल्या खुंटीभोवतीचे प्लॅस्टिकचे तुकडेही झिजतात. कडी हाताने हलवून पाहा. ती खुळखुळत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

पूर्वी लाकडी वल्ह्यांना इथे चामडे असे. जाणते कारागीर ते खिळ्यांनी ठोकत नसत, कारण खिळ्याच्या भोकातून पाणी मुरले की लाकूड कुजते. चामडे भिजवून, ओलेच ताणून दांड्याभोवती शिवत. वाळले की ते असे आवळून बसे की बिशाद नाही हलायची. शिवण घासणाऱ्या बाजूला येऊ देत नसत आणि वरून चरबी चोळत. जुनी लाकडी वल्ही ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आजही हेच करावे.

आजची वल्ही कार्बनच्या धाग्यांची. काहींच्या बाहीवर घासणारी पट्टी तेवढी वेगळी असते. ती बदलली की काम भागते. पुष्कळ वल्ह्यांत बाही ऊबेने मऊ होणाऱ्या डिंकाने चिकटवलेली असते. तिला गरम हवा द्यावी, पण ज्योत कदापि दाखवू नये. दांड्यातली राळ खराब होते आणि चार पैशांच्या बाहीपायी सबंध वल्हे हातचे जाते. जुनी बाही काढण्यापूर्वी तिची जागा दांड्यावर पेन्सिलीने आखा. नवी बसवताना पाते आणि बाहीची सपाटी यांचा मेळ पाणसळीने तपासा. डिंक थंड झाल्यावर पश्चात्ताप उपयोगी नाही. आणि बदलायची तर जोडीच्या दोन्ही बाह्या बदला. एक नवी, एक जुनी म्हणजे एकाच जोखडाला दोन तऱ्हेचे बैल.

मुठीवरचे रबर फाटले तर हाताला फोड येतात, तेवढ्यावर निभावते. पण ते सैल होऊन फिरू लागले तर पाते भलत्याच कोनात पाण्यात शिरते, तिथेच अडकते आणि दांडा उसळून छातीवर आदळतो. असे रबर ब्लेडने कापून फेकून द्या. शिवून किंवा चिकटपट्टी गुंडाळून ते वापरू नका.

एवढे झाल्यावर बाहीवरचे बटन, म्हणजे वल्ह्याला बाहेर सरकू न देणारा गळपट्टा, पूर्वीच्याच मापावर आहे ना ते पाहा. जोडवल्ह्यात मुठीच्या टोकापासून ते अंतर ८८ सेंटिमीटरच्या आसपास असते. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी वल्हे जड की हलके, ते हाताला तत्काळ कळते.