बलोपासना : एकट्याची नव्हे, गावाची

आज चैत्री पौर्णिमा. सूर्योदयी जन्मकाळाचे कीर्तन होईल, सुंठवडा वाटला जाईल, शेंदूरचर्चित मूर्तीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडेल. हे सारे यथाविधी व्हावेच. परंतु ज्या देवतेची उपासना मनगटानेही करावयाची असते, तिच्यापुढे केवळ नारळ वाढवून आपण मोकळे होणार काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आज स्वतःस विचारावा.

वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात सागरतीरी सारी वानरसेना हताश झाली असता हनुमंत एकीकडे मौन धरून बसला आहे. बळ अंगी होते. त्याचे स्मरण वृद्ध जांबवंताने करून दिले. आत्मविश्वासाला अंगचे सामर्थ्य लागते, तसेच ते ओळखणारे वडीलधारे माणूसही लागते. पुढे अशोकवनात हाच बलभीम सीतामाईला भय वाटू नये म्हणून कोणत्या भाषेत बोलावे याचा विचार करतो आणि लहान रूपानेच तिच्यापुढे येतो. खऱ्या बळाने वाणी मृदू होते. जो आतून भ्यालेला असतो, तोच चारचौघांत आवाज चढवितो.

आपल्या तालमींनी हेच शिक्षण दिले. आज दहा जोर, उद्या अकरा. अशा चढत्या मोजणीने भित्र्या मुलालाही स्वतःच्या देहाची साक्ष पटते आणि मान आपोआप ताठ होते. आखाड्यातील लाल माती सर्वांनी मिळून उकरावयाची, वस्तादांच्या पाया पडावयाचे, ज्याने चीत केले त्याच्याशीच हात मिळवावयाचा. हार पचविण्याची आणि परक्याला आपला म्हणण्याची सवय तेथे लागे.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज, शिराळे अशा गावी मारुतीची स्थापना केली. अकरा मारुतींची ती मालिका आजही भाविकांची यात्रा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली निघाले आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. मारुतीचे नाव घेऊन माणसे एकत्र आली, की केवढे कार्य उभे राहते, याचा हा दाखला होय.

आज व्यायामाची हौस पुष्कळ वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र कानांत यंत्र घालून आरशातील आपल्याच दंडाकडे पाहत केलेला व्यायाम माणसाला शेजाऱ्यापाशी नेत नाही. महिन्याभरात शरीर फुगविणाऱ्या औषधांच्या नादी लागणे तर प्रत्यक्ष आत्मघात होय. आणि अंगी आलेले बळ दुबळ्याला धमकावण्यात खर्चिले, तर ती उपासना मारुतीची नव्हे, रावणाची झाली.

म्हणून वाचकांस विनंती आहे. गावोगावच्या मारुतिमंदिरांशेजारी ज्या तालमी कुलूपबंद पडल्या आहेत, त्यांची कुलुपे या पौर्णिमेस निघावीत. सायंकाळी तेथे दिवा लागावा. मुलांबरोबर मुलींनाही स्वतंत्र वेळ मिळावी. दोरीचा मल्लखांब आणि सूर्यनमस्कार त्यांनाही तितकेच शोभतात. वृद्धांनी झेपेल तेवढे चालावे, आणि चालून झाल्यावर पारावर बसून कोपऱ्यात अबोल उभ्या असलेल्या एखाद्या पोराला हाक मारावी. प्रत्येक गावात हनुमंत आहेच. उणीव आहे ती जांबवंताची.