बार्शीत जमले, सोलापुरात का नाही?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचा, म्हणजे हातपाय अचानक लुळे पाडणाऱ्या जीबीएसचा उद्रेक झाला, तेव्हा त्यातल्या पहिल्या संशयित मृत्यूची बातमी पुण्यातून नव्हे, सोलापुरातून आली. रुग्ण पुण्यात राहणारा, पण मूळचा याच जिल्ह्यातला. उपचार इथे झाले आणि शवविच्छेदनही इथल्याच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे केंद्राचे पथक पुण्यात आले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, नांदेड गावच्या विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवले गेले. मार्चपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे आणि मृतांची दहाच्या पुढे गेली. मग बातम्या थांबल्या. जे वाचले त्यांच्यातले किती जण सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालू लागले, कोणाला पहिले इंजेक्शन कितव्या दिवशी मिळाले आणि त्या उशिराची किंमत किती मोजावी लागली, हे प्रश्न बातमीचे नाहीत. ते वैद्यकाचे आहेत. त्यांची उत्तरे उद्रेकासाठी मुंबई-दिल्लीहून आलेल्या पथकाकडून नव्हे, जिल्ह्याच्या रुग्णालयात रोज ठेवल्या जाणाऱ्या नोंदींतून मिळायला हवीत. दुर्मीळ आजारांचे संशोधन ही महानगरांतल्या बड्या संस्थांची मक्तेदारी आहे, हा समज सोलापूरने तरी सोडून द्यावा. तसे म्हणायला या जिल्ह्याकडे भक्कम आधार आहे.

आधी ‘दुर्मीळ’ या शब्दाचा हिशेब करू. जगभरच्या अभ्यासांनुसार जीबीएस वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्या व्यक्तीला होतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. म्हणजे कोणताही उद्रेक नसताना, विहिरीचे पाणी नासलेले नसताना, या एका जिल्ह्यात वर्षाला चाळीस ते ऐंशी रुग्ण अपेक्षित आहेत. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून इथे उपचाराला येणारे वेगळेच. पाच वर्षांत ही संख्या काही शेकड्यांत जाते. एकेका डॉक्टरला वर्षात दोन-तीन रुग्ण दिसतात, म्हणून त्याला आजार दुर्मीळ वाटतो. एका वहीत उतरवले तर तोच आजार अभ्यासाला पुरेसा ठरतो.

विशेष म्हणजे अशी वही अर्धी आधीच भरली जाते. पोलिओवरच्या देखरेखीसाठी पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर ते कळवणे प्रत्येक सरकारी व खासगी डॉक्टरकडून अपेक्षित असते. शौचाचे दोन नमुने घेतले जातात, गरजेनुसार साठ दिवसांनी मुलाची पुन्हा तपासणी होते. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी ही देखरेख सुरूच आहे. पोलिओ गेल्यानंतर या जाळ्यात सापडणाऱ्या मुलांपैकी बरीच जीबीएसची असतात. पण रुग्ण सोळा वर्षांचा असला की हे जाळे त्याच्यासाठी नाही. चाळिशीतल्या यंत्रमाग कामगाराचे पाय लुळे पडले तर तो एक केसपेपर, एक डिस्चार्ज कार्ड आणि कर्जाचा एक आकडा एवढाच उरतो. उद्रेकाच्या काळात निघालेल्या आदेशांचा जोर उद्रेकाबरोबर ओसरतो. इथे नवी यंत्रणा उभारायची नाही. जी पंधराव्या वर्षाला थांबते, ती पुढे न्यायची आहे.

हे ग्रामीण भागात जमेल का, या प्रश्नाचे उत्तर बार्शीने ३५हून अधिक वर्षांपूर्वीच दिले आहे. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातला कर्करोग रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, मग नोंद कशाची करणार, असा तेव्हाचा सवाल होता. बार्शीकरांनी तो उलटवला. रुग्ण येत नसेल तर नोंद घेणाऱ्याने गावात जावे, लोकांना लक्षणे सांगावीत, संशयिताला गाठावे. या कामातून आलेल्या विश्वासावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सहभागी करून घेतले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. आज जगभर एचपीव्ही तपासणीला प्राधान्य दिले जाते, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवातल्या या बायकांचा मोठा वाटा आहे. सोलापूरच्या शाळकरी मुलाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस माहीत असतात आणि ते योग्यच आहे. बार्शीच्या या कामाची ओळख मात्र त्याला कोणी करून देत नाही.

याच चाचणीवरून एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तपासणीचा लाभ होणार अशी अपेक्षा असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, ६४ मृत्यूंची जबाबदारी कोणाची, असे प्रश्न काही परदेशी व भारतीय टीकाकारांनी विचारले. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या काळी जिल्ह्यात कोणत्याच स्त्रीची नियमित तपासणी होत नव्हती, त्यामुळे कोणाकडून काही हिरावून घेतले गेले नाही. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, पण पुरेसे नाही. व्यवस्थेची गैरहजेरी हाच जर तुलनेचा पाया मानला, तर जिथे सरकार सर्वांत निष्काळजी तिथे संशोधन सर्वांत सोयीचे, असा अर्थ निघेल. गरीब, कमी शिकलेल्या, सरकारी रुग्णालयाखेरीज पर्याय नसलेल्या माणसाची संमती ही खरी संमती असते का, ही शंका रास्तच आहे. म्हणूनच २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांनी नैतिकता समित्यांवर आणि नुकसानभरपाईवर भर दिला. पण या आक्षेपातून निघणारा धडा नीट वाचला पाहिजे. नव्या औषधाची चाचणी आणि चालू उपचारांच्या परिणामांची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत कोणाचाही उपचार रोखला जात नाही. जो उपचार होतोच आहे, त्याचे फळ काय, एवढेच लिहून ठेवले जाते. त्यातही नाव-गाव गुप्त ठेवणे, रुग्णाला त्याच्या भाषेत, म्हणजे सोलापुरात मराठीइतकेच तेलुगू, कन्नड आणि उर्दूत समजावून सांगणे हे सोपस्कार नव्हेत, अटी आहेत. मात्र काहीच न लिहिणे म्हणजे रुग्णाचे रक्षण, असे मानणाऱ्यांनी हेही सांगावे की, पुढच्या रुग्णाला मागच्याच्या अनुभवाचा फायदा कुठून मिळणार?

तो फायदा किती ठोस असतो, हे जीबीएसच्याच उपचारांत दिसते. स्टेरॉइडने सूज उतरते म्हणून ती इथेही उपयोगी पडावीत, हे तर्काला पटणारे होते. चाचण्या झाल्या तेव्हा ती उपयोगी नसल्याचे कळले. उलट पोटातून दिलेल्या स्टेरॉइडने सुधारणा लांबण्याची शक्यता दिसली. रक्तातला प्लाझ्मा बदलणे आणि इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने हे दोन उपचार साधारण सारखेच परिणामकारक आहेत आणि दोन्ही पाठोपाठ दिल्याने विशेष लाभ नाही, हे १९९७ मध्ये ३८३ रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. पुण्याच्या उद्रेकात एका इंजेक्शनचा खर्च वीस हजारांच्या घरात सांगितला जात होता. पहिल्या फेरीने गुण आला नाही म्हणून दुसरी फेरी द्यावी का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने गंभीर रुग्णांत तिचा फायदा आढळला नसल्याचे दाखवले. हे ठाऊक असलेला डॉक्टर एका कुटुंबाची जमीन वाचवू शकतो.

रुग्ण फार थोडे, त्यांच्यावरून शास्त्र कसे होणार, हा दुसरा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे. १९१६ मध्ये गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल यांनी या आजाराचे वर्णन केले ते दोन फ्रेंच सैनिकांवरून. महाडसारख्या गावात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा प्रत्येक रुग्ण बारकाईने नोंदवला, प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यावर वापरले, आणि कोकणात शंभरात तीस-चाळीस जण दगावत तिथे हे प्रमाण एक-दोनवर आले. २०११ मध्ये त्यांनी प्रतिविष आणि प्रॅझोसिन एकत्र देण्याबाबत जो अभ्यास जगापुढे मांडला तो अवघ्या ७० रुग्णांचा होता. ढाक्यातल्या डॉक्टरांचे उदाहरण तर आपल्या खिशाला अधिक जवळचे. महागडे यंत्र नसताना, साध्या पिशव्यांत थोडे थोडे रक्त काढून, पेशी खाली बसू देऊन प्लाझ्मा बदलण्याची पद्धत त्यांनी जीबीएसच्या २० रुग्णांवर करून पाहिली. ती सुरक्षित आणि शक्य असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. खर्च सुमारे पाचशे डॉलर. ती किती गुणकारी आहे हे ठरवायला मोठी चाचणी लागेल. पण असा प्रश्न बोस्टनला पडत नाही, ढाक्याला पडतो. सोलापूरलाही पडायला हवा.

नोंदींची गरज जीबीएसपुरती नाही. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले, २०२२ मध्ये रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढली. महाराष्ट्रात त्यासाठीचे उत्कृष्टता केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्नाची रीत असलेल्या या सीमाभागात आनुवंशिक आजारांची मुले जन्मतात, हे इथल्या बालरोगतज्ज्ञांना सांगायला नको. त्या मुलाचा मुंबईपर्यंतचा चारशे किलोमीटरचा प्रवास निदानाने सुरू व्हायला हवा, केवळ शंकेने नव्हे.

शस्त्रक्रियांचीही गोष्ट वेगळी नाही. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवले आणि वर्षभराने त्याला बोलावून शस्त्रक्रियेचा शेवट काय झाला ते त्यावर लिहिले. १९११ ते १९१६ या काळात आपल्या रुग्णालयातून गेलेल्या ३३७ रुग्णांमध्ये घडलेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच छापल्या. सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले, आज शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेचा विचार त्यांच्यापासून सुरू होतो. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाव्यासाठी रुग्णाचे फोटो, अहवाल, डिस्चार्जचे कागद सारे अपलोड होते. पैशाचा हिशेब चोख. तोच रुग्ण वर्षभराने कामावर गेला की अंथरुणाला खिळला, याचा रकाना त्यात नाही. रुग्णालयांना बदनामीची भीती वाटते, कारण अवघड रुग्ण घेणाऱ्याचा मृत्युदर साहजिकच जास्त दिसतो. ही भीती खोटी नाही. म्हणून आकडे रुग्णाच्या मूळ अवस्थेशी जोडूनच मांडावे लागतात आणि सुरुवातीची काही वर्षे ते रुग्णालयांची क्रमवारी लावण्यासाठी वापरू नयेत.

निवासी डॉक्टर आधीच पिचलेले आहेत, त्यांच्यावर आणखी लिखाण नको, हे म्हणणे मान्यच करावे लागेल. बार्शीची नोंदणीही डॉक्टरांच्या फावल्या वेळेवर चालली नाही, त्यासाठी वेगळी माणसे होती. तेव्हा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने प्रौढांतल्या जीबीएसपासून सुरुवात करावी. दोन पूर्णवेळ नोंद सहायक, एक सांख्यिकीतज्ज्ञ आणि रुग्णाला सहा महिने व वर्षाने गाठण्यासाठी आशा सेविकांना त्या कामाचा वेगळा मोबदला, एवढी तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्याबाहेरची नाही. अश्विनी सहकारी रुग्णालयासह शहरातल्या खासगी रुग्णालयांनी त्यात आपले रुग्ण नोंदवावेत आणि दरवर्षी निष्कर्ष लोकांसमोर मांडले जावेत. पालकमंत्र्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि अधिष्ठात्यांनी प्रस्ताव तयार ठेवावा.