स्ट्रॉबेरीचा उत्तम वांटा घरीं ठेवावा

महाबळेश्वर-पांचगणीच्या पठारावर हिवाळ्यांत स्ट्रॉबेरी पिकूं लागली, कीं सकाळींच तोडणी होऊन पेट्या मुंबई-पुण्याकडे रवाना होतात. या फळास सन २०१० मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु ज्या कुटुंबाच्या श्रमानें हें फळ तयार होतें, त्याच्या वांट्यास काय येतें? बहुधा पेटींत न शोभणारा, दबलेला व पाणावलेला माल! तोच फ्रीझरमध्यें टाकून ‘आतां टिकेल’ असें समाधान मानण्यांत येतें. ही समजूत चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

थंडीनें फळ सुधारत नाहीं; आहे त्या स्थितींत थांबतें, इतकेंच. गोठल्यानें बुरशी व जंतु सर्वस्वीं मरत नाहींत. फळ वितळतांच ते पुनः कार्यास लागतात. म्हणून खरें महत्त्व निवडीस आहे. आंब्याप्रमाणें स्ट्रॉबेरी अढींत पिकत नाहीं. तिला गोडी येते ती रोपावरच. याकरितां देठापर्यंत लाल, तकतकीत व हिरव्या टवटवीत देठाचें फळ निवडावें. आकारास भुलूं नये. करडी बुरशी आलेलें फळ कापून वांचवूं नये, कारण मऊ फळांत तिचे तंतु दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. नुसतें दबलेलें फळ त्याच दिवशीं शिजवून संपवावें.

ताजीं फळें ठेवावयाचीं असल्यास धुऊं नयेत. ओलाव्यानें बुरशी फोफावते. पसरट भांड्यांत एकच थर करून फ्रीजमध्यें ठेवावीं व दोन-तीन दिवसांत खावीं. धुणें खातेवेळींच करावें, व देठ धुतल्यानंतर काढावा. नाहींतर आंत पाणी शिरतें.

वर्षाची बेगमी करावयाची असल्यास फळें धुऊन, कापडावर पूर्ण कोरडीं करून, देठ काढून ताटांत सुटीं सुटीं गोठवावीं. तीं दगडासारखीं झालीं म्हणजे पिशवींत भरावीं, हवा काढून तोंड बंद करावें व वर तारीख लिहावी. उणें १८ अंश सेल्सिअसला तीं आठ-दहा महिने चांगलीं राहतात. गोठतांना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, म्हणून वितळल्यावर तें लिबलिबीत होतें. यांत दोष नाहीं. असें फळ जॅम, सरबत वा दुधांत घुसळण्यास उत्तम. मात्र वीज गेल्यामुळें पूर्ण वितळून ऊन झालेलीं फळें पुनः गोठवूं नयेत. करवंदें, जांभळें व तुती यांनाही हीच रीत लागू आहे. जांभळाचा गर काढून ठेवणें सोयीचें.

कोणी म्हणेल, ‘उत्तम माल घरीं ठेवला तर पैसा बुडतो.’ पण ज्या दिवशीं आवक वाढून बाजार कोसळतो, त्या दिवशीं पांच किलो निवडक फळ बाजूस काढल्यानें कितीसा पैसा बुडणार? तेंच कुटुंब पुढें पावसाळ्यांत दुकानांतून जॅमची बाटली आणतें, तिच्या किंमतीचा हिशोब मात्र कोणी मांडीत नाहीं!

सुज्ञ शेतकरी बंधूंनीं या हंगामांत पेट्या भरण्यापूर्वीं घरचा वांटा प्रथम काढावा, व तो उत्तमांतला काढावा. पिकविणाऱ्याच्या मुलांनीं टाकाऊ फळ खावें, हें कोणत्याही शेतीस भूषणावह नाहीं.