पेटीची फट

मोटारगाडीच्या मागील भागांत ठेवावयाची वूफरची पेटी घरींच ठोकून तयार करण्याचा नाद आमच्या नाकाडोंगरीच्या पंचक्रोशींतील कांहीं तरुणांस लागला आहे. वडील मंडळी त्यास पोरखेळ समजतात. आमचेंहि मत गेल्या उन्हाळ्यापर्यंत तेंच होतें. आतां तें बदललें आहे, आणि कां बदललें तें विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडणें अवश्य वाटतें.

आमच्या धाकट्या बंधूनें अशीच एक पेटी केली. फळ्या सरळ, स्क्रू घट्ट. परंतु मंद्र स्वर लागतांच पेटी दमेकऱ्यासारखी फुसफुसूं लागे, आणि घुमारा म्हणून कांहीं येईना. त्यानें काय केलें? आवाज वाढविला. तेवढ्यानें भागेना, तेव्हां अधिक शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीं बाबांकडे पैसे मागितले. आमचा आक्षेप आहे तो येथें. दोष फटीचा, आणि दंड मात्र बाबांच्या खिशास व शेजाऱ्यांच्या झोंपेस!

यांतील शास्त्र कठीण नाहीं. वूफरचा पडदा पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. या परस्परविरोधी लाटा एकत्र आल्या तर एकमेकींस गिळतात. मंद्र स्वराची लाट मोठी लांब. सेकंदास ५० कंपनांचा स्वर घेतला तर जवळजवळ ७ मीटर. म्हणून मागची लाट पेटींत कोंडावी लागते. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यांनीं तर बंद पेटींतील हवेलाच पडद्याची स्प्रिंग बनविलें. फट राहिली कीं ती स्प्रिंग ढिली पडते, पडदा बेताबाहेर धांवतो, आणि शक्ति वाढवीत गेल्यास आंतील तारेचें वेटोळें जळतें. (कांहीं पेट्यांस मुद्दाम नळी ठेवितात, पण तिची लांबीरुंदी हिशेबानें ठरलेली असते. फटीला कसला हिशेब?) धानाच्या बांधीच्या धुऱ्यास खेकड्यानें बीळ पाडलें असतां तें न बुजवितां जो नुसता पंप चालू ठेवील, त्या शेतकऱ्यास आपण काय म्हणूं?

फट शोधण्यास खर्च नाहीं. वूफर बसविण्यापूर्वीं पेटींत पेटती बॅटरी ठेवावी, वूफरच्या छिद्रावर जाड पुठ्ठा धरावा आणि खोलींत अंधार करावा. उजेड कोठून डोकावतो तें दिसतें. वूफर बसविल्यावर मंद्र स्वर लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवावी; धूर थरथरला कीं चोर सांपडला. सांध्यांवर आंतून गोंदाचा थर बोटानें ओढावा, मोठ्या फटींत गोंदांत लाकडाचा भुसा कालवून भरावा, तारेचें भोंक विसरूं नये, आणि वूफरच्या कडेखालीं फोमची पट्टी द्यावी. सिलिकोन वापरणारानें मात्र सावध असावें. ज्यास व्हिनेगारसारखा आंबट वास येतो, तें सुकतांना धातूस गंजविणारी वाफ सोडतें. तें पुरतें सुकेपर्यंत वूफर बसवूं नये. बंधूस दोन दिवस थांबवून धरणें, हेंच आम्हांस सर्वांत अवघड गेलें!

पालकांस विनंति इतकीच कीं, मुलावर रागावूं नये. परंतु पैसे देण्यापूर्वीं त्याच्या हातीं उदबत्ती द्यावी. आणि मुलांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं निवासी भागास रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पेटी कितीहि उत्तम साधली तरी ती मर्यादा वाढत नाहीं.

बंधूचा जुनाच अ‍ॅम्प्लिफायर अद्याप चालतो, आणि आवाजाचें बटण पूर्वीच्या निम्म्यावर असतें. परवां आई मागच्या आसनावर बसून तुमसरास जाऊन आली. वाटेंत तिला डुलकीहि लागली.