धनुष्कोडीचे खरे उतारू कोण?

काशी-रामेश्वर करून आलेला मनुष्य सेतूची वाळू दाखवितो व धनुष्कोडीच्या पडक्या स्टेशनाची हकीगत सांगतो. वाळूचें माहात्म्य सांगणारे त्यास तेथें पुष्कळ भेटतात. त्या स्टेशनांतून कोण गेलें, हें सांगणारा भेटत नाहीं. म्हणून आम्ही सांगतों.

इ. स. १९१४ सालीं पांबनचा पूल खुला झाला व मद्रासेची गाडी धनुष्कोडीच्या धक्क्यास लागूं लागली. तेथें आगबोटींत बसावें, सुमारें ३५ किलोमीटर समुद्र ओलांडून सिलोनांत तलैमन्नारला उतरावें, कीं पुढें कोलंबोची गाडी. सोय उत्तम खरी! पण ह्याच वाटेनें चहा-रबराच्या मळ्यांवर तामिळ मजूर नेले जात. त्यांत भूमिहीन व अस्पृश्य मानलेले पुष्कळ. कंगाणी नांवाचा मुकादम उचल देऊन माणसें गोळा करी. ऊसतोडीची उचल ज्यांनीं घेतली आहे, त्यांस ह्याचा अर्थ फोडून सांगणें नको. मंडपमच्या छावणींत रोगाच्या भयानें त्यांस अडकवून ठेवीत, मग बोटीवर चढवीत.

कोणी म्हणेल, भुकेल्यास भाकर मिळाली, मग तक्रार कसली? भाकर त्यांनीं घामानें मिळविली. उपकार कोणाचा नव्हे. त्या घामाचें फळ काय? १९४८ च्या कायद्यानें सिलोननें त्यांतील बहुतेकांस नागरिकत्व नाकारलें. १९६४ च्या ऑक्टोबरांत दोन सरकारांनीं करार करून ५,२५,००० माणसें हिंदुस्थानांत परत आणण्याचें ठरविलें. मजुरास विचारलें कोणी?

त्याच वर्षीं २२ डिसेंबरच्या रात्रीं वादळानें धनुष्कोडी बुडविली. शंभरावर उतारूंसह गाडी समुद्रानें गिळली. पुढें परतणारे मजूर रामेश्वरच्या धक्क्यावर उतरले. १९८४ च्या सुमारास यादवीमुळें तीही बोट बंद पडली.

२०१९ सालीं धनुष्कोडीच्या नव्या लोहमार्गाची पायाभरणी झाली. यात्रेकरूंची सोय अवश्य व्हावी. पण तेथें कधीं फलाट उठला, तर त्यावर पहिली पाटी ह्या मजुरांची लागली पाहिजे. सेतु बांधणाऱ्या वानरांचीं नांवें आपणांस पाठ आहेत. त्याच वाटेनें गेलेल्या एकाही मजुराचें नांव ठाऊक नाहीं. तुम्ही सेतूवर जाल, तेव्हां दक्षिणा देण्यापूर्वीं एवढेंच विचारा : येथून गेलेल्या मजुरांचें पुढें काय झालें?